मुलांच्या हाती रोप दिलं, पुढे काय?

जुलै लागला की आमच्या बीडमध्ये वृक्षारोपणाचा हंगाम सुरू होतो. शाळांना पत्रं येतात. मुलांना सकाळी साडेसातला गणवेशात बोलावलं जातं, पाहुणे साडेनऊला येतात. रोप मुलाच्या हातात, पाहुण्यांचा हात रोपावर, एक फोटो, मग चहा, आणि मुलं परत वर्गात. मी भूगोल शिकवतो आणि वीसेक वर्षं अशा रांगेत मुलांच्या मागे उभा राहिलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या कार्यक्रमात मुलांना काहीही विचारलं जात नाही. कोणतं झाड लावायचं, कुठे लावायचं, एप्रिलमध्ये त्याला पाणी कोण घालणार, यातलं काहीच नाही. तरी भाषणातलं वाक्य ठरलेलं असतं: पर्यावरणाची धुरा आता तरुणांच्या खांद्यावर आहे.

खांदा मुलांचा आणि निर्णय दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत बीडची गणना होते, त्यामुळे झाडं लावायला माझा विरोध असण्याचं कारण नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, तेव्हाही आम्ही खड्डे मोजून दिले. पण शाळेत आम्ही मुलांना प्रयोग शिकवतो तेव्हा निरीक्षण नोंदवायला सांगतो. झाडांच्या बाबतीत मात्र लावल्याची नोंद होते, जगल्याची होत नाही.

एक चांगला अपवाद आठवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवणला, सह्याद्री देवराईत, वृक्ष संमेलन भरलं होतं. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारातून वन विभागाच्या उजाड टेकड्यांवर तिथे झाडं उभी राहिली आहेत. संमेलनाचा अध्यक्ष होता वड. माणसाला अध्यक्ष न करण्याची ही कल्पना मला अतिशय आवडली. निदान अध्यक्षीय भाषण लांबलं नाही. तिथल्या टेकडीवर मुलं झाडांची नावं वाचत, पानं चोळून वास घेत फिरत होती, आणि आमच्या जुलैच्या रांगेत जो कंटाळा दिसतो तो त्या चेहऱ्यांवर नव्हता. तरीही परतताना एक विचार मनात आलाच: वडाला अध्यक्ष करता येतो, मग सोळा वर्षांच्या मुलीला साध्या कमिटीवर घ्यायला आपल्याला एवढं जड का जातं?

स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग ऑगस्ट २०१८ मध्ये शाळा बुडवून संसदेसमोर बसली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ही गोष्ट मी दहावीच्या वर्गात सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे तर अर्धा वर्ग दिवाळीनंतर शाळा बुडवतोच." वर्ग हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हंगाम आला की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकापर्यंत. कोयत्यामागे आई-बाप जातात, त्यांच्यामागे मुलं. स्टॉकहोममध्ये शाळा सोडून बसणं हे आंदोलन असतं, शिरूर कासार किंवा पाटोद्यात ती मजबुरी असते.

झाडांशी याचा थेट संबंध आहे, आणि तो आमच्या कोणत्याही परिपत्रकात मला वाचायला मिळालेला नाही. रोपं लागतात जुलैत. दिवाळीच्या आसपास गावातले हातीपायी धड असलेले तरुण गाव सोडतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली लहान पोरं. रोपाला पाण्याची खरी गरज फेब्रुवारीपासून पुढे, म्हणजे नेमकं गाव रिकामं असताना. ज्याच्या हातानं खड्डा खणला तो माणूस तेव्हा सांगलीच्या किंवा बेळगावच्या फडात मोळ्या बांधत असतो. मग पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप. यावर उपाय नाही असं नाही. रोजगार हमीतून लावलेली झाडं तीन वर्षं जगवण्याची मजुरी देण्याची एक पद्धत आहे, तिला आपल्याकडे 'बिहार पॅटर्न' म्हणतात. ती नीट राबवली तर दोनचार घरांना तरी हंगामात गाव सोडावं लागणार नाही. तरुणांना पर्यावरणाचं नेतृत्व द्यायचं असेल तर आधी ते गावात राहतील एवढी मजुरी द्यावी लागेल, हे भाषणात सांगायला कुणाला आवडत नाही.

मुलांना खरोखर काही दिलं गेल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. २०१६ चा उन्हाळा. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ते धरण आमच्या केज तालुक्यात, धनेगावला. रेल्वे लातूरची गाजली, धरणाकाठच्या गावांचे टँकर कुणी दाखवले नाहीत, पण ते जाऊ द्या. त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशननं वॉटर कप स्पर्धा सुरू केली आणि पहिल्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांत वरूड आणि कोरेगाव यांच्यासोबत आमचं अंबाजोगाई होतं. आमिर खान आले, टीव्हीवर दिसलं, हे सगळ्यांना आठवतं. मला आठवते ती एक साधी पारदर्शक नळी. दोन टोकांना मोजपट्ट्या लावलेली, आत पाणी भरलेलं. तिनं उताराची समान उंची शोधायची आणि त्या रेषेवर चर खणायचे. नातेवाइकांच्या गावी गेलो होतो तेव्हा बारावी नापास झालेला एक पोरगा ती नळी धरून उभा होता आणि गावचे पुढारी त्याला विचारत होते, "आता कुठे खणायचं सांग." त्यानं प्रशिक्षण घेतलं होतं, पुढाऱ्यांनी घेतलं नव्हतं. माप त्याच्या हातात होतं म्हणून शब्दही त्याचा चालला.

ही स्पर्धा २०१९ पर्यंत चार वर्षं चालली. काही गावांत आजही चर दिसतात, काही ठिकाणी ते गाळानं भरून गेले. जिथे पाणी मुरलं तिथे दोन वर्षांत नवी बोअर पडली आणि ऊस आला, असंही घडलं. पाणी अडवायचं कसं हे तरुणांना शिकवलं गेलं, ते वाटायचं कसं हा विषय मात्र पुन्हा जुन्या माणसांच्या बैठकीत गेला. माझ्या मते गाडी तिथे अडली.

आता आमच्या मोहल्ल्याची गोष्ट. चार-पाच मुलं आणि तीन मुली, सगळी नववी ते बारावीची. गट वगैरे म्हणण्याइतका तो गट नाही, नावही नाही. त्यांना मी एका रविवारी खजाना विहीर दाखवायला नेलं. शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, सोलापूरच्या रस्त्याला. बीडच्या माणसानं ती विहीर पाहिलेली असते आणि तरी पाहिलेली नसते, लग्नाच्या गाडीतून बोट दाखवण्यापुरती ती असते.

१५८२ मध्ये, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानानं ती बांधवून घेतली. बांधणारा होता राजा भास्कर. नगरच्या डोंगरावर जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, ती वास्तू खरं तर या सलाबतखानाची कबर आहे. माणसाचं नाव कबरीवरूनही पुसलं गेलं, विहीर मात्र राहिली. विहिरीत भुयारी वाटांनी पाणी येतं आणि एका भुयारातून बलगुजारच्या शेतीकडे जातं. मोट नाही, पंप नाही, फक्त उतार. खजिना सगळा हिच्यात ओतला म्हणून हिचं नाव खजाना, अशी आख्यायिका आहे, आणि लोक सांगतात की मोठमोठ्या दुष्काळांतही ही आटली नाही.

मुलांना आख्यायिकेत फारसा रस वाटला नाही. अकरावीतली एक मुलगी बराच वेळ भुयाराच्या तोंडाकडे पाहत होती. तिनं विचारलं, "सर, इसकी गाद कौन निकालता था?"

मी इतक्या वेळा त्या विहिरीवर गेलो आहे, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गाळ काढल्याशिवाय कोणतीही नहर पन्नास वर्षंही चालत नाही. औरंगाबादची मलिक अंबरची नहर पाहा. जमिनीखालून पाणी नेणाऱ्या अशा रचनांत ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवलेली असतात, ती हवेसाठी आणि आत उतरून सफाई करण्यासाठी. म्हणजे बांधतानाच सफाईचा विचार झालेला असतो. सलाबतखानाचं आणि राजा भास्करचं नाव आपल्याकडे आलं, आत उतरून गाळ काढणाऱ्यांची नावं आली नाहीत. तिला मी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना पगार कोण देत होतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण प्रश्न बरोबर दिशेनं चालला होता.

त्याच मुलीनं मोहल्ल्यातल्या बोअरचं रजिस्टर केलं आहे. दोनशे पानी वही. घर, बोअर कोणत्या साली घेतली, किती फूट, पाणी किती फुटांवर लागलं, कोणत्या साली आटली. पुरुषांना फूट आठवतात, बायकांना साल आठवतं, कारण त्या साली घागर घेऊन कुठवर जावं लागलं हे त्यांच्या लक्षात असतं, असं तिचं निरीक्षण. वहीतली सर्वांत जुनी बोअर दीडशे फुटांची आहे, सर्वांत नवी सहाशेच्या पुढे. आपला खडक बेसाल्टचा. त्यात पाणी साठतं ते बहुतेक वरच्या झिजलेल्या, सच्छिद्र थरात, खाली जावं तसा खडक घट्ट होत जातो. २००९ च्या भूजल कायद्यानं खोल विहिरीची मर्यादा ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट ठेवली आणि शेती-उद्योगासाठी त्याहून खोल जायला बंदी घातली. हे मी वर्गात अनेकदा शिकवलं आहे. पण तिची वही मोहल्ल्यात फिरली तेव्हा पहिल्यांदा लोक आपापसात बोलू लागले की तुझी बोअर माझं पाणी ओढते.

वहीनंतर मुलांचं लक्ष मशिदीकडे गेलं. आमच्या मशिदीचं वजूचं पाणी थेट गटारात जात होतं आणि तिथून बिंदुसरेत. मुलांनी नळाखाली बादली ठेवून मोजलं. नळ मोकळा सोडला तर एका वजूला पाचेक लिटर जातात. जुम्याला किती लोक येतात, त्यांतले किती घरून वजू करून येतात, हेही त्यांनी दारात उभं राहून मोजलं. आकडा आला एका जुम्याला हजार लिटरच्या आसपास. हे पाणी साबणाचं नसतं, खरकटं नसतं. ते मशिदीच्या बोअरजवळ शोषखड्ड्यात सोडावं, असा त्यांचा प्रस्ताव होता.

कमिटीच्या बैठकीला मुलगी गेली नाही, जाऊ शकली नाही म्हणा. हिशोब तिनं लिहिला होता, वाचला तिच्या भावानं. वाचताना एका ठिकाणी तो अडला, तेव्हा मी पुढे सांगावं म्हणून माझ्याकडे पाहिलं गेलं. मी गप्प राहिलो. त्यानं फोन काढून बहिणीला विचारलं आणि उत्तर सगळ्यांना सांगितलं. बैठकीतल्या दोघा-तिघांना ते आवडलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मला त्या संध्याकाळचा तोच सर्वांत चांगला क्षण वाटला.

आक्षेप आले. एक हाजीसाहेब म्हणाले, वजूच्या पाण्यावर लोक चालतील, बेअदबी होईल. त्यावर मुलगा नम्रपणे म्हणाला, "आत्ता ते गटारात जातं." दुसरा आक्षेप मात्र खरा होता: खड्डा भिंतीला लागून झाला तर पाया खचेल. मुलांनी तो मान्य केला आणि जागा बारा फूट सरकवली. शेवटी इमामसाहेबांनी मुद्दा सोडवला. पैगंबरांच्या वजूला एक मुद पाणी पुरत असे, हे त्यांनी सांगितलं, म्हणजे दोन ओंजळी, पाऊण लिटरच्या आतबाहेर. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण तर लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेली. पाच लिटर आणि पाऊण लिटर, एवढा हिशोब समोर मांडल्यावर कुणाला बोलायला फारसं उरलं नाही.

नळ बदलून बारीक धारेचे आले. रमजान झाल्यावर दोन रविवारांत खड्डा झाला: तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, मग खडी आणि वाळू. बोअरचं पाणी वाढलं का, असं मला लोक विचारतात. एका पावसाळ्यावरून हे सांगता येत नाही, आणि मुलांनीही तसा दावा केलेला नाही. त्यांनी आणखी एक मागणी केली होती आणि ती मंजूर व्हायला खड्ड्यापेक्षा जास्त वेळ लागला. दरवर्षी मे महिन्यात खड्ड्यातली वाळू काढून धुवायची, आणि तो खर्च जमातीच्या वार्षिक हिशोबात वेगळ्या ओळीत लिहायचा, 'किरकोळ'मध्ये नाही. खजाना विहिरीवरचा तिचा प्रश्न होता तो हाच. ती ओळ आता हिशोबाच्या वहीत आहे. रक्कम लहान आहे, पण आमच्या जमातीच्या हिशोबात मुलांच्या सांगण्यावरून आलेली ती पहिली ओळ असावी.

एवढं सगळं मशिदीच्या आवारात झालं म्हणून सोपं गेलं. बाहेर गोष्ट वेगळी आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना झाली पाहिजे असंही कायदा म्हणतो. मुलांनी कब्रस्तानातल्या जुन्या लिंबांचे घेर दोरीनं मोजून ठेवले आहेत. पुढची पायरी म्हणजे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारणं, की आमच्या प्रभागाची वृक्षगणना केव्हा झाली. अर्ज लिहून तयार आहे. अर्जदार म्हणून सही कुणाची, यावर गाडी थांबली.

एका मुलाची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, झाडं लावू द्या, खड्डे खणू द्या. कागदावर नाव नको." मी तिला भित्री म्हणणार नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की प्रकल्पाकडून मागितलेल्या खंडणीशी त्या हत्येचा संबंध तपासात पुढे आला. स्वच्छ ऊर्जेच्या त्या पात्यांखाली काय काय चालतं हे या जिल्ह्यात आता लहान मुलांनाही माहीत आहे. ते तर निवडून आलेले सरपंच होते. त्यात आपली नावं. तिनं ते वाक्य पूर्ण केलं नाही, करायची गरजही नव्हती. मोर्चात, तक्रारीत, अर्जावर आपल्या पोरांचं नाव दिसलं तर त्याचा अर्थ काय काढला जाईल, याचा हिशोब प्रत्येक मुस्लिम आई मनात करते. तरुणांनी पुढे यावं असं सांगणाऱ्या एकाही पुस्तिकेत या हिशोबाला जागा नसते.

मी तिला एवढंच म्हणालो की अर्जावर सही माझी राहील, आणि मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर काय करायचं ते तो ठरवील. तिनं मान हलवली. मुलाला हे फारसं पटलेलं नाही. "मोजलं आम्ही आणि सही तुमची?" असं तो दोनदा म्हणून गेला आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याच्या आईचंही. तडजोड म्हणून अर्जासोबत जोडलेल्या यादीवर, झाडं कुणी मोजली त्या रकान्यात, आठही जणांची नावं त्यांच्याच अक्षरात राहतील असं ठरलं. मोहल्ल्यातल्या दोन वडीलधाऱ्यांनी माझ्या सहीखाली आपल्याही सह्या केल्या. त्यांतले एक तेच हाजीसाहेब.

बिंदुसरा आमच्या शहराच्या मधोमध वाहते. जुलै १९८९ मध्ये ती शहरात घुसली आणि माणसं घेऊन गेली. आमच्या वयाच्या लोकांना ती रात्र आठवते. या मुलांना नदी माहीत आहे ती प्लास्टिकनं भरलेला नाला म्हणून. गेल्या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, मराठवाड्यात पूर आले तेव्हा ती पुलावर उभी राहून पाणी कुठवर चढलं याच्या खुणा लिहून घेत होती. १९८९ चं पाणी कुठवर आलं होतं हे घरोघरी विचारून त्या खुणाही आता त्यांना नकाशावर घ्यायच्या आहेत. नकाशा काढायला मी शिकवतो आहे, माणसं शोधून विचारायचं काम त्यांचं.

बोअरचं रजिस्टर ठेवणारी मुलगी आता बारावी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी औरंगाबादला निघाली आहे. जाण्याआधी तिनं वहीला पुठ्ठ्याचं कव्हर घातलं आणि कोणत्या घरांची नोंद राहिली आहे त्यांची यादी शेवटच्या पानावर लिहिली. वही तिच्या चुलतबहिणीकडे दिली आहे. ती नववीत आहे, अक्षर फार लहान काढते, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं तीन घरांचे आकडे चूक आहेत म्हणून खोडले.